श्वास काढलेला आवाज

औषधांच्या दुकानात पुढच्या माणसाच्या खिशात फोन वाजला, आणि त्या फोनमधून मैना स्वतःच बोलली. “मी झोपले.” जरा थांबून पुन्हा, “मी झोपले.” गाणं नाही, घंटी नाही, तिचाच गळा. तिचेच स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखे उच्चार. माणसाने एक खिसा चाचपला, मग दुसरा, आणि तोवर मैना त्याच्या कोटातून बोलतच राहिली. रांगेत हसू पिकलं. पट्टीतल्या गोळ्या कात्रीने कापता कापता दुकानदार म्हणाला, “काय साहेब, तुम्हीपण लावलीत का? आमच्या चिरंजीवांनी लावलीय. घरात कुठूनही ओरडते हो ती बया!” माणूस ओशाळून म्हणाला, “मी फक्त बायकोच्या नंबराला लावलीय.” यावर तर दुकान दणाणलंच. “त्या बर्फवालीला एकदा लटकवलं की काढून टाकीन,” असंही तो म्हणाला. मैनेच्या मागे एक वयस्कर बाई उभ्या होत्या, गळ्याशी रुमाल धरून. त्या अगदी मऊ आवाजात, खोकल्याचं औषध मागावं तशा म्हणाल्या, “तिकडे लटकवत नाहीत म्हणे. मग आपल्याकडे द्या म्हणावं. चौकात उभी करू, येणारे-जाणारे बघतील काय करायचं ते.” कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मैनेचा नंबर आला. तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. या गळ्यातून आता काय मागायचं? तिने आईच्या औषधांचा कागद मुकाट्याने पुढे सरकवला. “जेवणाआधी द्यायच्या की नंतर, विचारलंय का?” तिने मान हलवली. “दोन आठवड्यांच्या देऊ?” पुन्हा मान. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मुकी आहे वाटतं बिचारी,” आणि त्याच रुमालवाल्या बाईंनी, चौकवाल्या बाईंनी, तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सावकाश हं बाळ, घाई नाही आम्हाला.” तो हात इतका प्रेमळ होता, इतका खरा आईचा हात होता, की मैनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रस्त्याला लागली तरी तो हात खांद्यावरून जाईना. चिडावं तरी कुणावर? त्या बाईंवर? त्या मायेच्याच होत्या, यात शंका नव्हती. देवाने त्यांच्या काळजात दया घातली होती, आणि ती दया कुणाला द्यायची नाही हे त्यांना रोज संध्याकाळी पढवलं जात होतं, मैनेच्याच आवाजात. मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. वृत्तवाहिनीत नोकरीला लागली तेव्हा कुणीतरी ठेवलं आणि चिकटलं. दुसऱ्या भाषेत बोलणारी बाई पडद्यावर आली, मग ती राणी असो, पुरात घर गेलेली असो की नटी, तिचं बोलणं आपल्या भाषेत मैनेने बोलायचं. मूळ आवाज खाली दाबायचा, मैनेचा वर चढवायचा. निरूपण करता करता मूळ वचनावरच पाय ठेवून उभं राहावं, तसला हा धंदा. इतकी वर्षं त्यात तिला काही वाटलं नव्हतं. मग ही मुलगी आली. गोष्ट आता शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. या शहरातला एक मुलगा परदेशी शिकायला गेला. भाड्याच्या घरात वरची खोली त्याची, खालची एका मुलीची. तीही त्या देशाची नव्हे, भलत्याच तिसऱ्या मुलखातली. म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात रात्रपाळी करायची आणि सकाळी येऊन झोपायची. एके दिवशी दुपारी तो मुलगा जिन्याच्या पायथ्याशी मेलेला सापडला. पडला, की हिने ढकलला? तिकडचं न्यायालय महिनोन्‌महिने विचार करत होतं. आपल्या शहराला विचाराची गरज पडली नाही. खटला तिकडे टीव्हीवर दाखवत, तो इकडे यायचा, आणि मुलीच्या तोंडून मैना बोलायची.

त्या साक्षीचा दिवस मैनेला आता तोंडात खडा आल्यासारखा पुन्हा पुन्हा दाताखाली येत होता. वकिलाने विचारलं होतं, “धडपडल्याचा आवाज तुम्ही ऐकलात. मग काय केलंत?” पडद्यावर मुलीने ओठ उघडले आणि मिटले. हात गळ्याशी नेला. बारीक नळीतून पाणी ओढलं जावं तसा आवाज मैनेच्या हेडफोनमध्ये आला, थांबला, पुन्हा आला. न्यायालयात कुणीतरी खोकलं. मुलीने आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मैनेसमोरच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. कागदावर फक्त होतं, मी झोपले. पहिल्या खेपेला मैना तिच्याबरोबर थांबली. तिचा गळा आपोआप तसाच अडखळला, शब्द बाहेर पडताना चिरला. काचेपलीकडून संपादकांनी बोट गरगर फिरवलं. “मैना, शोकसभा नाहीये ही. मला वाक्य दे.” तिने वाक्य दिलं. सरळ, धुतल्यासारखं. मग साउंडवाल्याने त्याचं काम केलं. त्याला सगळे कात्री म्हणत. हसतमुख, पोटाने गोल, आल्या-गेल्याला पेपरमिंटची गोळी देणारा. वाहिनीतला त्याचा रिवाज असा, की कुणाचाही आवाज हवेत जाण्याआधी त्यातले श्वास काढायचे. वाक्याआधीचा, वाक्यामधला, सगळे. “तुझ्या फुप्फुसांशी माझं वैर नाही गं,” तो म्हणायचा, “पण माणसाला श्वास ऐकू आला ना, की तो बातमी सोडून माणसाकडे बघायला लागतो.” मैनेला याचा अभिमान होता. तिच्या आवाजात त्याला फारसं काही काढावंच लागत नसे. त्या दिवशी त्याने चित्रातली मधली शांतताही काढून टाकली. प्रश्न संपला रे संपला की उत्तर हजर. मी झोपले. पुढे ती मुलगी आणखी बरंच बोलली होती, तेही कागदाच्या दुसऱ्या पानावर होतं. तो सकाळी ट्रंक ओढायचा, नेहमीच ओढायचा, मला वाटलं ट्रंकच पडली, मी रात्रभर उभी होते. तेवढ्यात जाहिरातीची वेळ झाली आणि ते राहून गेलं.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी चर्चेला एक मानसशास्त्रज्ञ आले होते, गोल चष्म्याचे, टायवर छोटी छोटी जहाजं छापलेली. त्यांनी ते वाक्य चार वेळा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग बोट वर करून म्हणाले, “आवाजात कंप नाही. लक्ष द्या, श्वासाची चाहूलसुद्धा नाही. माणूस खरं बोलताना श्वास घेतो हो! हे गोठलेल्या मनाचं लक्षण आहे.” दुसऱ्या दिवसापासून ती बर्फवाली झाली. काचेच्या आत मैना आणि कात्री एकमेकांकडे बघून फसकन हसले होते. “अगं, तुलाच पकडलं की गं डॉक्टरांनी!” कात्री म्हणाला होता. ती हसली होती! आता रस्त्याच्या कडेला उभी राहून तिला त्या हसण्याचीच शिसारी आली. एवढा शिकलेला माणूस, चार लोकांत बसून मैनेची नाडी पाहतो आणि दुसरीच्या मनाचं निदान करतो, आणि आपल्याला हसू येतं? मग ते वाक्य विनोद झालं. ऑफिसात कुणाचं काम राहिलं की, मी झोपले. नळाला पाणी नाही, पालिका म्हणते, मी झोपले. लहान मुलं सांडलेल्या दुधाशेजारी उभी राहून म्हणायची. बेकरीवाल्याने उशिरा दुकान उघडलं तेव्हा पाटीवर लिहिलं होतं. सगळं शहर मैनेच्या आवाजात हसत होतं आणि तिला कुणी ओळखत नव्हतं. गेल्या आठवड्यात न्यायालयाने मुलीला दोषी ठरवलं, तेव्हा रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले. शिक्षा तेवढी उरली होती. तिकडचा कायदा असा, की शिक्षेआधी दोषी माणसाला एकदा बोलू देतात, आणि मग गेलेल्याच्या घरच्यांना विचारतात, तुमचं म्हणणं काय? दया दाखवावी का? न्यायाधीश ते मनावर घेतात. उद्या दुपारी मुलगी बोलणार होती, त्या मुलाच्या आईला उद्देशून. मुलाची आई वाहिनीच्या स्टुडिओत बसून ऐकणार होती, सगळ्यांसमक्ष, थेट प्रक्षेपणात, आणि तिथूनच न्यायालयाला आपला शब्द देणार होती. त्या एका शब्दावर मुलीच्या आयुष्याची वर्षं टांगलेली होती. आणि त्या आईने या मुलीला आजवर ऐकलं होतं ते फक्त मैनेच्या तोंडून.

घरी आई टीव्हीसमोर बसली होती, पण टीव्ही बंद. मैनेने गोळ्या आणि पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं, जरा आपटूनच. “काय झालं?” आई म्हणाली. “काही नाही.” “बरं, काही नाही तर काही नाही. भांडी तेवढी आपटू नकोस, ती माझ्या लग्नातली आहेत.” मैनेला हसू यायला हवं होतं, आलं नाही. “टीव्ही का बंद?” “हल्ली ती बोलायला लागली की मी बंद करते.” “आई, ती मी आहे.” “माहीत आहे गं. म्हणून तर बंद करते.” आईने हे इतक्या साधेपणाने म्हटलं, की मैना चपला न काढताच खुर्चीवर बसली. लहानपणी आई तिला मांडीवर घेऊन म्हणायची, गळा ही देवाची ठेव आहे हो, उसनी आहे, परत करताना स्वच्छ असली पाहिजे. मैनेने ती स्वच्छ ठेवली होती, इतकी की आत श्वाससुद्धा नाही. आई रोज संध्याकाळी डोळे मिटून पुटपुटत असे. देवापुढे एकेकाला उभं करायचं, बरा कर, सांभाळ, वाट दाखव. त्यात शेजारच्यांचा दमेकरी मुलगा असे, मैनेचे वडील असत, आणि गेले कित्येक दिवस तो जिन्यावरून पडलेला मुलगा आणि त्याची आई असत. आज आईचे ओठ थांबले तसं मैना म्हणाली, “आणि तिच्यासाठी?”

“कुणासाठी?”

“कळतंय तुला.”

आईने डोळे उघडले. रागावेल असं मैनेला वाटलं होतं. तिला ते हवंच होतं, कुणीतरी समोरासमोर रागवायला. पण आई गोंधळून म्हणाली, “तिचं नाव काय गं? देवाला काय सांगू, बर्फवालीला सांभाळ म्हणून?” मैनेला नाव पटकन आठवेना. वाहिनीने ते केव्हाच वापरायचं सोडलं होतं. ज्या मुलीचा ‘मी’ ती एवढे महिने तोंडाने उच्चारत होती, तिचं नाव तिला कपाळावर हात ठेवून आठवावं लागलं. आठवलं तेव्हा तिने सांगितलं. आईने ते म्हणून पाहिलं, जीभ अडली, पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा अडली. “राहू दे,” आई म्हणाली, “मोडकंतोडकं घेते. तो समजून घेईल.” आणि तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत लग्नघर असावं तशी धावपळ होती. संपादकांनी नवा कोट घातला होता. मुलाच्या आईला मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. किडकिडीत बाई, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. रंगभूषेची पोरगी तिच्या गालावर पावडर लावत होती आणि बाई चेहरा मागे घेत होत्या. “मला नको हो हे.” “दिव्यांत चमकतो ना चेहरा, आई. जरासंच.” सगळेच तिला आई म्हणत होते. निवेदक म्हणत होता, कॅमेरावाला म्हणत होता, पाणी आणून देणारा म्हणत होता. जिचं पोर गेलं तिला एका दुपारपुरती इतकी मुलं! मैनेने संपादकांना पडद्याच्या आडोशाला गाठलं. “साहेब, त्यांना एकदा मूळ आवाज ऐकवा.”

“कुठला मूळ?”

“त्या मुलीचा. माझा नको.”

“त्या बाईंना ती भाषा कळते? तुला तरी कळते का?”

“रडणं कळेल.”

संपादकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू टेबलच बोलायला लागलं. “मैना, बाईचा तरणाताठा मुलगा गेलाय. आणि तुला खुनी पोरीचा पुळका? तिने ढकललं नाही असं म्हणायचंय तुला?”

“मला नाही माहीत.”

“मग?”

“ढकललं असेल, नसेल, मला नाही माहीत. मी म्हणाले तसं ती म्हणाली नव्हती, एवढं मला माहीत आहे. कात्रीला माहीत आहे. तुम्हालासुद्धा माहीत आहे.”

“हे बघ,” संपादक खाली आवाजात म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दमलेला होता, “लोकांना तोच आवाज ओळखीचा झालाय. आज बदललास तर विचारतील, आधीचा काय होता? उत्तर आहे तुझ्याकडे? माझ्याकडे नाही. तेव्हा तोच लाव. इंचभरसुद्धा हलायचं नाही.” आणि ते गेले. मैनेच्या हातात कागद होता. मुलीच्या वकिलाने तिचं लिखित निवेदन आधीच पाठवलं होतं आणि वाहिनीने ते आपल्या भाषेत करून घेतलं होतं. आज सगळं थेट, म्हणून मैनेला काचेच्या खोलीत न बसवता कॅमेऱ्यामागे लहान टेबलाशी बसवलं होतं. तिथून मुलाच्या आईचा अर्धा चेहरा दिसत होता, पावडरचा. मैनेच्या रागाला जायला वाट नव्हती. गळ्यातून वाट होती ती या लोकांनी भाड्याने घेतली होती. ओळखीचा आवाज म्हणे! विहिरीत मीठ ओतायचं आणि म्हणायचं, गावाला याच चवीची सवय झालीय.

पडद्यावर मुलगी उभी राहिली. केस मागे बांधलेले, अंगावर मोठ्या मापाचा स्वेटर. तिच्या हातात कागद होता. निवेदक कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला, “आणि आता तो क्षण...” आणि थांबला. मुलगीही थांबली होती. मैनेच्या कानात तो आवाज आला, बारीक नळीतून ओढलेल्या पाण्याचा. मुलीने ओठ उघडले. मिटले. कागद खाली घेतला. तिच्या डोळ्यांनी कुणालातरी शोधलं. तिलाही सांगितलं असणार की कुठेतरी ती आई ऐकतेय. कानात संपादकांचा आवाज आला. “सुरू कर.” मैना पडद्याकडेच बघत राहिली. “मैना, सुरू कर, कागद आहे ना तुझ्यापुढे?” “ती अजून बोललेली नाही,” मैना पुटपुटली. “म्हणून काय झालं! शांतता चालत नाही, लोक उठून जातील. वाच!” मैनेने कागदाकडे पाहिलं. ‘आई, मला तुमच्याशी बोलायचा हक्क नाही,’ असं पहिलंच वाक्य होतं. ते वाक्य त्या मुलीच्या छातीत अजून वर चढत होतं, अडत होतं, पुन्हा चढत होतं. आणि तिच्या आधी आपण ते म्हणायचं? तिच्या तोंडून निघायच्या आधी, साफ करून, श्वास काढून? “वाच म्हणतो ना!” मैनेने हेडफोन कानांवरून काढले आणि ती उठली. हेडफोनची वायर टेबलावरून ओढली गेली, कागद खाली पडले. दोन पावलांत वायर ताणली. पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या कात्रीने वर पाहिलं, मैनेकडे पाहिलं, संपादकांच्या काचेकडे पाहिलं, आणि वाकून खालून वायरची उरलेली गुंडाळी सोडून दिली. मैना कॅमेऱ्यापुढे गेली. दिवे डोळ्यांत घुसले. तिने मुलाच्या आईच्या दोन्ही कानांवर हेडफोन ठेवले.

बाई दचकल्या. मग स्थिर झाल्या. त्यांचा हात पिशवीवरून उठला आणि कानाशी गेला. कान झाकलेले असल्यामुळे त्या जरुरीपेक्षा मोठ्याने बोलल्या, सगळा स्टुडिओ दुमदुमला. “ही कोण?”

मैनेने समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

“ही ती? मग रोज बोलते ती कोण?”

मैनेने बोट स्वतःकडे वळवलं. बाईंनी एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात फसवलेल्या माणसाने पाहावं तसं.

“रडतेय ही. नाक चोंदलंय हिचं.”

“हो.”

“आजच?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग तुम्ही का नाही रडलात?”

वेळ नव्हता. जाहिरात होती. संपादक म्हणाले. रिवाज आहे आमच्याकडे. सगळी उत्तरं मैनेच्या तोंडाशी आली आणि एकही बाहेर पडलं नाही. तिचा श्वास तेवढा बाईंच्या गळ्याशी लावलेल्या माइकने उचलला आणि शहरभर नेला, खरखरीत, मोठा, न काढलेला. निवेदकाने सावरून घेतलं, हसरा चेहरा पुढे केला. “आई, सगळं शहर तुमच्या शब्दाची वाट बघतंय. या थंड काळजाच्या—”

“गप्प बस रे!” बाई ओरडल्या. “पोरगी बोलतेय, दिसत नाही तुला?”

मुलगी बोलायला लागली होती. कुणालाच त्यातला एक शब्द कळत नव्हता. बाई दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरून पुढे झुकल्या. त्यांच्या गालावरून पावडरीत एक ओली रेघ उतरत गेली, आणि त्यांनी ती पुसली नाही. मुलगी थांबली तेव्हा पडद्यावरून न्यायालयाच्या दुभाष्याने अदबीने विचारलं, गेलेल्याच्या आईचं म्हणणं काय? न्यायालय ऐकतंय. बाईंच्या जबड्याचं हाड हललं.

“आज मी काही सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा गेलाय, मला काय सांगायचंय ते मी सांगेन. पण आधी पहिल्यापासून सगळं लावा. तिच्या आवाजात. एक श्वास कमी असला तरी मला कळेल आता.” मग त्या मैनेकडे वळल्या. मैना तोवर पडद्याआड जायला निघाली होती. “आणि तुम्ही कुठे चाललात? बसा इथे, माझ्या शेजारी. तुम्हीही ऐका.”